थुंकीमुक्त सोसायटी आणि माझा वैद्यकीय स्राव

४ जानेवारी, रविवार

आजपासून डायरी. एक तारखेलाच सुरू करणार होतो, पण थंडी फार होती.

सकाळी जिन्यात पुन्हा पिचकारी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधला कोपरा. ताजी, लाल, ओघळत खालच्या पायरीपर्यंत आलेली. खर्रा, सुपारी-तंबाखूचा. तिसऱ्या मजल्यावरच्या जितेंद्र भोयरची, शंकाच नको. माणूस बँकेत आहे, इस्त्रीचा शर्ट घालतो, आणि गालात सदा खर्ऱ्याचा गोळा. वर येऊन पोह्यांना बसलो तर तर्रीकडे पाहवेना. तीही लाल. प्रेमिलाला म्हटलं, नुसते पोहे दे. बायको असून तिनं कारण विचारलं नाही.

निर्णय: सोसायटी थुंकीमुक्त करायची. वॉर्डातल्या सोसायट्यांची स्वच्छता स्पर्धा आहे, २५ तारखेला कमिटी पाहायला येणार. कमिटीसमोर सोसायटीतर्फे दहा मिनिटं भाषण, आणि ते मी करणार. मीटिंगमध्ये एकट्यानंच हात वर केला होता. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर झाल्यापासून मला कुणी सलग दोन मिनिटं बोलू दिलेलं नाही. प्रेमिला कुकरची शिट्टी झाली की उठून जाते. न झाली तरी जाते. ही संधी सोडायची नाही.

थोडा खोकला आहे. थंडीचा.

६ जानेवारी, मंगळवार

मोहीम सुरू. नियम असा की जो थुंकताना सापडेल त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. पहिला मान जितेंद्रला. स्कूटरवर बसल्या बसल्या, मान वाकडी करून, गेटपाशी. फोटो हलला, पण धार स्पष्ट आहे. त्यानं खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, सॉरी काकाजी, सवय आहे जी, सोडून राहिलो. निर्लज्ज.

माणूस खाकरतो तेव्हा त्याचे संस्कार घशातून वर येतात. हे वाक्य भाषणात घ्यायचं.

माझा खोकला छातीत उतरला. आतून घर्र घर्र. प्रेमिला म्हणाली, डॉक्टरकडे चला. म्हटलं गरज नाही, कोरडा आहे. ती म्हणाली, कोरडा खोकला असा चिखलातून ट्रॅक्टर गेल्यावानी वाजत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

गेलो. धरमपेठेत, डॉ. दामिनी गभणे. प्रेमिलाच्या बहिणीनं सुचवलेल्या. आमच्या मुलाएवढं वय.

वेटिंगमध्ये शेजारचे एक गृहस्थ रुमालात खोकले आणि मग रुमाल उघडून आत पाहिलं. नीट पाहिलं. मग घडी घालून रुमाल खिशात. मला घाम सुटला. सुशिक्षित दिसत होते.

डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली. म्हणाल्या, कफ चिकट झाला आहे, सुटत नाही. तो पातळ करायची गोळी देते. रोज एक, ग्लासभर पाण्यात विरघळवून, जेवणानंतर. दिवसभर पाणी भरपूर. कफ सुटून वर येईल तो थुंकून टाकायचा. खोकला आला तर येऊ द्यायचा, कफ बाहेर काढायचं काम तोच करतो. खोकला दाबायचं कुठलंही औषध सोबत घ्यायचं नाही, नाहीतर सुटलेला कफ आतच साचेल. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी काय पहिलीत आहे.

पोटात कधी अल्सर होता का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. छाती दाखवायला आलेल्या माणसाच्या पोटाशी काय घेणं. प्रेमिलानं लगेच सांगून टाकलं, होता, ॲडमिट केलं होतं. बाई म्हणाल्या, हे लपवायचं नसतं काका. मग आता काही दुखतं का, जळजळ होते का, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळी उलटतपासणी. शेवटी म्हणाल्या, रिकाम्या पोटी घ्यायची नाही. पोट दुखलं, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला काळं झालं तर गोळी बंद आणि लगेच फोन. रोज पाहत जा. तरुण मुलीनं असं बोलावं. शी.

तत्त्व मात्र मला लगेच कळलं. राख-पाणी. प्लांटमध्ये बॉयलरची राख पाण्यात कालवून पातळ करतात आणि पंपानं पाइपातून राखेच्या तळ्यात लोटतात. माझं आयुष्य त्या सेक्शनला गेलं. टाइम ऑफिसात हजेरी घ्यायचो हे खरं, पण राख कळते.

९ जानेवारी, शुक्रवार, दुपार

जेवणानंतर घरात सडक्या अंड्यांचा वास. भयंकर. सोसायटीत अंडी कोण कोण खातं, याची मनात उजळणी केली. ग्रुपवर लिहिलं की कुणीतरी नासकी अंडी डक्टमध्ये फेकली आहेत, संबंधितांनी पुढे यावं. कुणी आलं नाही. स्वतः खाली उतरून डक्टमध्ये वाकून पाहिलं. दोन-तीन घरांच्या बेल वाजवल्या. तळमजल्याच्या रोशनीताईंनी फ्रिज उघडून दाखवला. त्यांच्या तोंडावरून वाटलं, वास त्यांनाही येत असावा.

वर आलो तर प्रेमिला माझा ग्लास नाकाशी धरून उभी. वास गोळीचा. ह्या गोळीला असा वास येतोच म्हणे, आतल्या कागदावर छापलेलं आहे. आणि ते मला प्यायचं होतं. नाक दाबून प्यालो. अर्ध्यावर ओकारी आली, ती दाबली, मग उरलेलं.

ग्रुपवर कळवलं, समस्या सोडवण्यात आली आहे, सहकार्याबद्दल आभार.

११ जानेवारी, रविवार

औषध लागू पडलं. फारच. सकाळपासून जे सुटलं आहे त्याचं वर्णन करत नाही. बोलता बोलता तोंड भरतं. घरी बेसिन आहे, पण बाहेर काय करायचं. मीच थुंकताना दिसलो तर मोहीम संपली, भाषणही संपलं. सोबत दोन रुमाल ठेवले आणि एक झाकणाचा छोटा डबा. चिवड्याचा होता. प्रेमिलाला सांगितलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. लोक थुंकतात ती थुंकी. माझ्या बाबतीत तो वैद्यकीय स्राव आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निघतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

पार्किंगमध्ये जितेंद्रचा आणखी एक फोटो काढला. हा हलला नाही.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

तिळगूळ घेऊन सगळे मजले फिरलो. सण आणि प्रचार, दोन्ही एका चकरेत. प्रत्येक दारात थोडा खोकला आला. लोकांनी लाडू घेतला, पण तोंडात कुणी टाकला नाही. कुणी कागदात गुंडाळला, कुणी दारामागच्या टेबलावर ठेवला. रोशनीताई म्हणाल्या, देवापुढे ठेवते जी. माझ्याबद्दलचा आदर वाढून राहिला आहे.

एकट्या जितेंद्रनं तिथल्या तिथं खाल्ला. आधी गालातला खर्रा काढून आत टाकून आला आणि न चूळ भरता लाडू चावला. पाहवलं नाही. वर मला विचारतो, काकाजी, छातीत लई वाजून राहिलं, वाफ घेता का नाही. म्हटलं, तू तुझं पाहा.

१६ जानेवारी, शुक्रवार

भयंकर प्रसंग. मीटर रूमच्या मागे, चारही बाजूंनी पाहून, नालीत स्रावाची विल्हेवाट लावत होतो. मान वर केली तर जितेंद्र बाल्कनीत. हातात फोन. माझं तोंड भरलेलं, त्याचंही. त्यामुळे दोघंही काही बोललो नाही. त्यानं मान हलवली आणि आत गेला.

दिवसभर ग्रुप पाहत बसलो. फोटो आला नाही. काढताच आला नसेल, फोन जुना आहे त्याचा.

पण धोका कळला. २५ तारखेला माइकसमोर मध्येच तोंड भरलं तर काय. पाणी कमी करायचं ठरवलं. पाणी जितकं जास्त तितका स्राव जास्त, साधा हिशेब आहे. प्रेमिला तांब्या घेऊन मागे मागे फिरून राहिली.

१८ जानेवारी, रविवार

उपाय सापडला. औषधांच्या डब्यात प्रेमिलाची मागच्या वर्षीची बाटली. कोरड्या खोकल्याची, खोकला दाबायची. अर्धी शिल्लक. विचार असा: गोळी कफ पातळ करते, हे औषध खोकला थांबवतं. पातळ कफाला वर येऊ दिलं नाही तर तो जागच्या जागी जिरून जाईल, शेतात पाणी जिरतं तसा. बाहेर काढायची गरजच उरणार नाही. डॉक्टरीणबाईंना हे सुचलं नाही कारण अनुभव कमी.

एक झाकण घेतलं. गुळचट, तळाशी काहीतरी दाणेदार. दाताखाली आलं. पण दुपारपर्यंत एक ठसका नाही.

संध्याकाळी प्रेमिलाला बाटली दिसली. म्हणाली, त्या पोरीनं दोनदा सांगतलं न, ह्याच्यासंगं ते घ्यायचं नाही म्हणून. आणि तुमीच तं सांगत होते, राखेचं पाणी लाईनमध्ये असताना पंप बंद केला तं लाईन चोक होते, मंग काहून बंद करून राहिले. मी शांतपणे समजावलं की माणूस म्हणजे पॉवर स्टेशन नव्हे. तिनं बाटली कचऱ्यात टाकली. 

ती देवळात गेल्यावर बाटली काढली. वांग्याचे देठ आणि चहाचा चोथा चिकटलेला. बोटांना बुळबुळीत लागलं. अंगावर काटा आला, तरी धुतली. मोठ्या कामासाठी किळस गिळावी लागते. बाटली बुटांच्या खोक्यात ठेवली.

२१ जानेवारी, बुधवार

खोकला जवळजवळ नाही. फक्त छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतं. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. थांबलो की कोपरे तपासतो, म्हणजे वेळ फुकट जात नाही. पिचकारी दिसली नाही. संक्रांतीपासूनच नाही. मोहिमेचं यश. जितेंद्रची बायको मिनल प्रेमिलाला म्हणाली, ते आता बडीशेप खाऊन राहिले. मी अजून विश्वास ठेवलेला नाही.

भाषणाची तालीम करताना झोप येते. काल आरशासमोर उभ्या उभ्या डुलकी लागली. बाटलीवर झोप येईल असं लिहिलेलं आहे, पण माझी झोप अभ्यासाची आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

अंगात कणकण. थर्मामीटर लावला नाही. लावला की ताप निघतो.

प्रेमिलानं परस्पर डॉ. दामिनींना फोन लावला. त्यांनी विचारलं, कफ पडतो का. मी पलंगावरून ओरडून सांगितलं, पूर्ण बंद, उत्तम गुण आहे. ओरडल्यावर बराच वेळ दम लागला. बाई म्हणाल्या, असा एकदम बंद कसा झाला, आजच दाखवायला आणा. प्रेमिला पर्स घेऊन दारात उभी राहिली. म्हटलं, रविवारनंतर. ती म्हणाली, भाषण काय जीवापेक्षा जास्त आहे का. मी उशीखालून भाषणाचा कागद काढला.

२४ जानेवारी, शनिवार

तयारी पूर्ण. तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीतलं बेसिन घासून घेतलं आणि उद्यापर्यंत कुणी वापरू नये म्हणून त्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली घरी कपाटात. कचऱ्याचे सगळे डबे गच्चीवर नेऊन ठेवले, डबा दिसला की कचरा आठवतो. आवारात आता थुंकायचं म्हटलं तरी जागा नाही. जितेंद्र डबे उचलायला आला होता. मला एकही उचलू दिला नाही. पुढेपुढे करायची सवय आहे.

२५ जानेवारी, रविवार, दुपार

सकाळी दोन झाकणं घेतली, खबरदारी म्हणून. बाटली संपली.

कमिटी वेळेवर आली. दोन पुरुष, एक बाई. बाईंच्या हातात पॅड आणि पेन. अख्खी सोसायटी खुर्च्यांवर. मी माइक धरला. सन्माननीय कमिटी आणि रहिवासी बंधू-भगिनींनो, हे वाक्य उत्तम गेलं. दुसऱ्या वाक्यासाठी श्वास घेतला आणि आत काहीतरी हललं. बारीकसा ठसका आला आणि तोंड भरलं. भरलं म्हणजे गच्च. दाट, कोमट. आठवडाभराचं असावं.

पुढे कमिटी. मागे बॅनर. बेसिनला कुलूप. डबे गच्चीवर. खिशात रुमाल होता, पण धरमपेठेतले ते गृहस्थ डोळ्यांसमोर आले आणि हात खिशात जाईना.

तसाच उभा राहिलो. माइकमधून फक्त घर्र घर्र जात होतं, स्पीकर दोन होते. बाईंचं पेन थांबलं. मी एक बोट वर करून थांबा असं दाखवलं. मग हं म्हटलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, लोकांना वाटलं भरून आलं. खरोखरच भरून आलं होतं. गिळायचा प्रयत्न केला, परत आलं. पुन्हा केला. शेवटी गेलं. त्याबद्दल आयुष्यात कधी लिहिणार नाही.

गेलं, पण आवाजही त्याच्यासोबत गेला. तोंड उघडलं तर नुसती हवा.

जितेंद्र उठून आला, मला खुर्चीवर बसवलं आणि माइक घेतला. म्हणाला, काकाजींची तब्येत बरी नाही, त्यांच्या वतीनं मी बोलतो. जिन्यातल्या पिचकाऱ्या माझ्याच होत्या, असं सरळ सांगितलं. म्हणाला, काकाजींनी ग्रुपवर फोटो टाकले, मग माझ्या पोरीनं विचारलं की बाबा, हे तुमीच आहा का. त्या दिवसापासून सोडायले बसलो, अजून रोज आठवण येते. लोक हसले, मग खुर्च्या पुढे ओढून ऐकायला लागले. कमिटीच्या बाई भराभर लिहून राहिल्या होत्या. माझी दहा मिनिटं त्यानं पूर्ण वापरली आणि वर आणखी घेतली.

एकंदर कार्यक्रम चांगला झाला. माझ्या मौनाचा परिणाम झाला असं वाटतं. हुडहुडी भरून राहिली आहे. जानेवारी आहे, भरणारच.

२७ जानेवारी, मंगळवार

ॲडमिट. काल दुपारी श्वास पुरेना. ओठ निळे दिसायला लागले म्हणे, मी पाहिले नाहीत. जितेंद्रनं गाडी काढली. मागच्या सीटवर प्रेमिलानं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि सिग्नलला प्रत्येक वेळी त्याला म्हणत होती, चाल न गा, चाल.

उजव्या बाजूला न्यूमोनिया. नाकात ऑक्सिजनची नळी. डॉ. दामिनी येऊन गेल्या. प्रेमिलानं त्यांना बाटली दाखवली. बुटांच्या खोक्यात सापडली तिला. बाई रागावल्या नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एक कफ सोडवतं आणि दुसरं त्याची वाट अडवतं. त्यात तुम्ही पाणीही तोडलं. अजून उशीर केला असता तर, असं म्हणाल्या आणि माझी नळी सरळ केली.

प्रेमिला खिडकीकडे तोंड करून रडली. तिला वाटलं मी झोपलो. भीती वाटली मला. खूप वाटली.

२९ जानेवारी, गुरुवार

निकाल. सोसायटीला दुसरं बक्षीस. भाषणाचं खास प्रशस्तिपत्र जितेंद्र भोयर यांना. मुद्दे माझेच होते.

शेजारच्या बेडवरचा म्हातारा रात्रंदिवस खाकरतो. पडदा मध्ये आहे, पण आवाजाला पडदा नसतो. नर्सला म्हटलं, मला दुसरीकडे हलवा, किळस येते. ती म्हणाली, सकाळीच त्यांच्या बायकोनंही तुमच्याबद्दल हेच म्हटलं.

३० जानेवारी, शुक्रवार

आज सकाळी फिजिओथेरपीची मुलगी आली, काजल नावाची. मला पुढे वाकवून बसवलं आणि पाठीवर वाटी केलेल्या हातानं थापट्या मारायला लागली. म्हणाली, आत लई साचलं आहे काका, लाजू नका, खोका, काढा बाहेर. सगळ्यांसमोर. प्रेमिला समोर, पडदा उघडा, म्हातारा आणि त्याची बायको इकडेच पाहून राहिलेले. जितेंद्र डबा घेऊन आला होता, भाताची पेज आणि मेतकूट. म्हटलं, तू जा. तो म्हणाला, ऑफिसले अजून वेळ आहे जी. काजलचे दोन्ही हात माझ्या पाठीवर आणि प्रेमिलानं मला खांद्यांना धरलेलं. ट्रे कुणी धरायचा. जितेंद्रनं डबा खाली ठेवला आणि ट्रे माझ्या हनुवटीखाली धरला. अगदी जवळ. मान फिरवली नाही, श्वासही रोखला नाही. म्हणाला, येऊ द्या काकाजी.

बराच वेळ काही नाही. सगळे थांबलेले. मग सुटलं. हिरवट पिवळं, तारेसारखं लांबत गेलेलं, तुटेना. जितेंद्रनं बोटांनी कागदाचा तुकडा घेऊन तोडलं.

काजल म्हणाली, व्हेरी गुड. नर्सनं ट्रे पाहिला आणि तीही व्हेरी गुड म्हणाली. प्रेमिला डोळे पुसत हसली, बऱ्याच दिवसांनी. जितेंद्र म्हणाला, मस्त निघाला जी. पलीकडच्या म्हाताऱ्याच्या बायकोनं आपल्या नवऱ्याला सांगितलं, पाहा, असा काढा.

रिटायर झाल्यापासून माझ्या कुठल्याही कामावर इतके लोक एका वेळी खूश झालेले नव्हते. काजल म्हणाली, अजून पुष्कळ आहे आत, संध्याकाळी पुन्हा येते. म्हटलं, ये. दुपारी पाणी जास्त प्यालो.